कृत्रिम खुबा आणि काळाची साक्ष

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत विश्पलेची गोष्ट आली आहे. खेलाच्या युद्धांत रात्रीच्या वेळीं तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनीं लागलीच धातूची जंघा बसवून तिला पुन्हां चालतें केलें, एवढेंच सूक्तकार सांगतो. आपल्याकडील कांहीं अभिमानी मंडळी या ऋचेवरून प्राचीनांच्या शस्त्रवैद्यकाविषयीं मोठमोठीं अनुमानें काढीत असतात. तीं खरीं कीं खोटीं या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. मला त्या कथेंत एक निराळीच उणीव जाणवते. विश्पला लगेच चालूं लागली हें आपणांस कळतें. दहा वर्षांनंतर ती कशी चालत होती हें कळत नाहीं. देवांच्या वैद्यांना तें सांगण्याची गरज नसेल, मनुष्यांच्या वैद्यांना मात्र आहे. हस्तिदंत, कांच, पोलाद, प्लॅस्टिक यांचे सांधे मनुष्याच्या शरीरांत बसविण्याचे जे प्रयत्न गेल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांत झाले, त्यांचा इतिहास वाचतांना एक गोष्ट पुनःपुन्हां दृष्टीस पडते. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिना जवळजवळ प्रत्येक शोधकाच्या बाजूनें साक्ष देतो. दहावें वर्ष फारच थोड्यांच्या.

खुब्याचा सांधा म्हणजे उखळींत फिरणारा गोळा. मांडीच्या हाडाचें वरचें टोंक गोल असून तें कटीच्या हाडांतील खोल वाटींत बसलेलें असतें. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचें अस्तर असतें आणि मधल्या पोकळींत थोडासा चिकट रस असतो. वयोमानानें, आमवातानें अथवा क्षयानें हें अस्तर नाहींसें झालें म्हणजे हाडावर हाड घासूं लागतें. त्या वेदनेचें वर्णन करीत बसत नाहीं. ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत, तेथें रात्रीं कूस बदलतांना ऐकूं येणारें कण्हणें सर्वांच्या परिचयाचें असतें.

असा सांधा काढून त्याच्या जागीं दुसरा बसविण्याचें धाडस बर्लिन येथील थेमिस्टोक्लीस ग्लुक या शस्त्रवैद्यानें केलें. १८९० सालीं त्यानें क्षयानें कुजलेल्या गुडघ्याच्या जागीं हस्तिदंताचा सांधा बसविला, आणि पाठोपाठ इतर सांध्यांवरहि तोच प्रयोग केला. हस्तिदंत हाडांत पक्का बसावा म्हणून राळ, प्युमिस दगडाची भुकटी, प्लॅस्टर असल्या द्रव्यांचें मिश्रण तो वापरी. नुसत्या कल्पनेच्या दृष्टीनें पाहिलें तर आजच्या शस्त्रक्रियेचीं बहुतेक अंगें त्याच्या प्रयोगांत होतीं. परंतु त्यानें निवडलेले रोगी क्षयाचे होते. प्रारंभीं उत्तम चालणाऱ्या त्या सांध्यांत पुढें पू झाला आणि बसविलेला हस्तिदंत बाहेर काढावा लागला. त्याचा वरिष्ठ, प्रख्यात शस्त्रवैद्य बर्गमान, या प्रयोगांच्या विरुद्ध होता. शेवटीं क्षयी सांध्यांविषयींचा आपला दावा ग्लुकला स्वतःच मागें घ्यावा लागला, आणि त्याचें नांव कित्येक वर्षें विस्मृतींत गेलें.

हस्तिदंताची कथा मात्र तेथें संपली नाहीं. मंडाले म्हटलें कीं महाराष्ट्रीयांस टिळकांचा तुरुंग आठवतो. शस्त्रवैद्यांनाहि तें शहर आठवावें असें कारण आहे. तेथील इस्पितळांतील डॉक्टर सान बॉ यांनीं १९६० सालीं मांडीचें हाड खुब्यापाशीं मोडून न जुळलेल्या एका ८३ वर्षांच्या भिक्षुणीला हस्तिदंताचा गोळा बसविला. ब्रह्मदेशांत धातूचे परदेशी गोळे महाग आणि हस्तिदंत स्वस्त, हें त्याचें एक कारण होतें. पुढें त्यांनीं अशा तीनशेंहून अधिक शस्त्रक्रिया केल्या आणि १९६९ सालीं लंडन येथें इंग्रज शस्त्रवैद्यांपुढें त्यांचा वृत्तांत सादर केला. शेंकडा ८८ रोग्यांस चांगला गुण आला होता. ग्लुकचा पदार्थ वाईट नव्हता, त्यानें निवडलेला रोग वाईट होता, हें अशा रीतीनें सत्तर वर्षांनीं निराळ्याच खंडांत उघड झालें.

ग्लुकनंतरचा विचार कांहीं काळ दुसऱ्या दिशेनें गेला. बोस्टनचे स्मिथ-पीटर्सन यांनीं १९२३ सालीं एका रोग्याच्या पाठींतून कांचेचा तुकडा काढला. त्याच्याभोंवतीं शरीरानें गुळगुळीत पडदा तयार केला असून आंत सांध्यांतल्यासारखा रस आहे, असें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यावरून झिजलेल्या गोळ्यावर कांचेची टोपी घालावी, म्हणजे शरीर खालीं नवें अस्तर घालील, अशी कल्पना त्यांना सुचली. कल्पना सुंदर होती, पण कांच मनुष्याच्या भारानें फुटली. मग सेल्युलॉइडसारखा पदार्थ झाला, पायरेक्स झालें, बेकेलाइट झालें. शेवटीं १९३८ सालीं त्यांच्या दंतवैद्यानें व्हायटॅलियम या मिश्रधातूचें नांव सुचविलें आणि काम साधलें. पंधरा वर्षें एकाच विचाराचा पाठपुरावा करणारा हा मनुष्य दुर्लक्षिला जातो याचें मला नेहमीं आश्चर्य वाटतें. त्याच सालीं लंडनच्या मिडलसेक्स इस्पितळांत फिलिप वाइल्स यांनीं गोळा आणि वाटी हीं दोन्हीं पोलादाचीं करून सहा रोग्यांना बसविलीं. परंतु महायुद्धाच्या धामधुमींत त्या रोग्यांचे कागद गहाळ झाले. प्रयोग झाला खरा, पण त्याची साक्ष उरली नाहीं.

युद्ध संपल्यावर १९४६ सालीं पॅरिसच्या जूडे बंधूंनीं ॲक्रिलिकचा चकचकीत गोळा काढला आणि तो थोड्याच दिवसांत युरोपभर पसरला. रोगी आठवड्या-दोन आठवड्यांत चालत घरीं जात. वर्तमानपत्रांना याहून अधिक काय हवें? कांहीं वर्षांतच ते गोळे झिजूं लागले, त्यांचे दांडे मोडूं लागले. असाच एक रोगी मँचेस्टर येथें जॉन चार्न्ले यांच्याकडे आला. त्याला वेदना फारशी नव्हती. पण पुढें वांकलें कीं त्याचा खुबा असा करकरे कीं बायको त्याच्याजवळ बसेना. दुसरा एखादा वैद्य हंसून सोडून देता. चार्न्ले विचार करीत राहिले कीं, आवाज येतो त्याअर्थीं घर्षण आहे. आणि घर्षण आहे त्याअर्थीं प्रत्येक पावलागणिक गोळ्याचा दांडा हाडांत किंचित् पिळला जात असला पाहिजे. सांधा सैल होतो तो यामुळेंच.

चार्न्ले यांचा जन्म १९११ सालीं लँकेशायरमधील बरी या गांवीं झाला. वडिलांचें औषधांचें दुकान होतें. मुलाचे हात वैद्यापेक्षां कारागिराचे होते. घरांत लेथ यंत्र ठेवून तो स्वतःचीं शस्त्रें घडवी. रोगी करकरला तेव्हां त्यांनीं जनावरांच्या सांध्यांवर मोजमापें घेण्यास प्रारंभ केला. नैसर्गिक सांध्यांतील घर्षण बर्फावरून घसरणाऱ्या पोलादी पात्याच्या घर्षणाहूनहि कमी आहे, असें त्यांना आढळलें. त्या काळीं पुष्कळ शास्त्रज्ञांचें मत असें कीं, हाडें सांध्यांतील रसाच्या थरावर तरंगतात. चार्न्ले यांचा निष्कर्ष असा कीं, निसरडेपणा मुख्यतः कूर्चेचा स्वतःचा आहे, आणि तो रस धातूला किंवा ॲक्रिलिकला वंगण म्हणून उपयोगी पडत नाहीं. तेव्हां पदार्थच मुळांत निसरडा निवडला पाहिजे. त्या वेळीं ज्ञात असलेला सर्वांत निसरडा घन पदार्थ म्हणजे टेफ्लॉन, ज्याचा लेप आतां घरोघरच्या तव्यांवर असतो.

दुसरी गोष्ट आकाराची. निसर्गाचा गोळा साधारण लहान लिंबाएवढा असतो. चार्न्ले यांनीं आपला पोलादी गोळा कमी कमी करीत सुमारें २२ मिलिमीटरांवर, म्हणजे एखाद्या बोराएवढा, आणला. विहिरीवरील रहाटाचा आंस जितका बारीक तितका रहाट हलका फिरतो, तेंच हें तत्त्व. तिसरी गोष्ट सांधा हाडांत बसविण्याची. मँचेस्टरचे दंतद्रव्यांचे अभ्यासक डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्यानें त्यांनीं दंतवैद्यांचें ॲक्रिलिक घेतलें. मळलेल्या कणकेसारखें तें पोंकळींत भरावयाचें, दांडा आंत दाबावयाचा आणि कांहीं मिनिटांत तें दगडासारखें होतें. त्यास लोक सिमेंट म्हणतात, तथापि तें गोंदासारखें चिकटत नाहीं. गवंडी दगडांमधल्या फटींत चुना भरतो तसें तें फट भरून भार सर्वत्र सारखा वांटून देतें.

१९५८ पासून विगन गांवाजवळच्या राइटिंग्टन इस्पितळांत या शस्त्रक्रिया होऊं लागल्या. ही जागा पूर्वीं क्षयरोग्यांची होती. वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेले लोक काठी टाकून चालूं लागले. चार वर्षांत सुमारें तीनशें रोगी झाले. आणि मग एकेक परत येऊं लागला. क्षकिरणांच्या चित्रांत पोलादी गोळा टेफ्लॉनच्या वाटींत खोल रुतत चाललेला दिसे. सांधा उघडला तर आंत टेफ्लॉनच्या झिजलेल्या कणांचा चिकट, चीजसारखा लगदा आणि त्याभोंवतीं खाल्लें गेलेलें हाड. तीनशें माणसांना पुन्हां शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणें भाग होतें.

येथपर्यंतचे चार्न्ले जूडे बंधूंहून फारसे निराळे नव्हते. किंबहुना त्यांच्याविरुद्ध एक आरोप करतां येतो, आणि तो मी करणार आहें. घर्षणाचा त्यांनीं एवढा सूक्ष्म विचार केला, पण घर्षण निराळें आणि झीज निराळी हें ध्यानांत घेऊन टेफ्लॉन आधीं यंत्रावर झिजवून पाहिलें नाहीं. निसरडी वस्तु झिजतहि नाहीं असें धरून ते चालले. जें एका साध्या यंत्रानें थोड्या दिवसांत सांगितलें असतें, तें तीनशें मनुष्यांच्या शरीरांनीं तीन-चार वर्षांत सांगितलें. आजच्या कोणत्याहि इस्पितळांतील नीतिसमितीनें या प्रयोगास संमति दिली नसती.

त्यानंतर जें झालें त्यावरून मात्र चार्न्ले यांची योग्यता ठरते. इस्पितळाच्या कारखान्यांत हॅरी क्रेव्हन नांवाचा एक कुशल कारागीर होता. त्यानें झिजेची परीक्षा घेणारें यंत्र तयार केलें. १९६२ च्या मे महिन्यांत लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या मागांसाठीं दांतेरी चाकें विकणारा एक विक्रेता त्याच्याकडे एक नवें प्लॅस्टिक घेऊन आला. ज्या मँचेस्टरच्या कापडाच्या आपल्याकडे होळ्या झाल्या, त्याच कापडाच्या मागांतून हा पदार्थ यावा ही इतिहासाची एक गंमत आहे. तें पॉलिएथिलीन होतें. चार्न्ले यांनीं अंगठ्याचें नख त्यांत रुतवून पाहिलें आणि हें कांहीं कामाचें नाहीं म्हणून ते निघून गेले. क्रेव्हननें साहेबांचें मत बाजूला ठेवलें. ते परदेशीं एका परिषदेस गेले असतां त्यानें तो तुकडा यंत्रावर चढविला आणि यंत्र रात्रंदिवस चालविलें. तीन आठवड्यांत जेवढी झीज झाली ती टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहूनहि कमी होती.

एवढें होऊनहि चार्न्ले यांनीं लगेच रोगी बोलाविले नाहींत. आतां त्यांना धडा मिळालेला होता. त्यांनीं टेफ्लॉनची आणि पॉलिएथिलीनची भुकटी स्वतःच्या मांडींत घालून घेतली आणि नऊ महिने वाट पाहिली. टेफ्लॉनच्या जागीं हातास लागतील अशा गांठी झाल्या. पॉलिएथिलीनच्या जागीं कांहीं नाहीं. हा निकाल त्यांनीं १९६३ सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत प्रसिद्ध केला, म्हणजे आपल्याच पदार्थाचें अपयश आपल्याच नांवानें छापलें. दरम्यान १९६२ च्या नोव्हेंबरांत नव्या वाटीच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या होत्या. परंतु लीड्सच्या थॅकरे कंपनीनें बनविलेले हे सांधे बाजारांत मोकळे विकण्यास त्यांनीं कित्येक वर्षें मनाई केली. ज्याला सांधा हवा असेल त्या शस्त्रवैद्यानें राइटिंग्टनला येऊन पद्धत शिकली पाहिजे, अशी अट होती. कित्येक रोग्यांकडून मृत्यूनंतर तो सांधा परत पाहावयास मिळावा अशी संमति ते घेऊन ठेवीत, आणि तसे सांधे वर्षानुवर्षांनीं खरोखरच परत येत. जंतूंचा शिरकाव थांबविण्यासाठीं त्यांनीं टेबलाभोंवतीं गाळलेल्या हवेची बंदिस्त खोलीच उभारली आणि शेंकडा सात-आठांच्या घरांत असलेला पू होण्याचा धोका एकाच्या आसपास आणला. लोकांना हे नियम तऱ्हेवाईक वाटत. विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला घाई असतां शोधकानेंच ‘थांबा’ म्हणावें हा प्रकार वैद्यकाच्या इतिहासांत विरळा आहे. १९७७ सालीं त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९८२ सालीं ते वारले.

गुडघ्याचा इतिहास मी येथें थोडक्यांत आटपतों, कारण त्यांत खुब्याचेंच नाट्य दुसऱ्यानें घडलें. आपणांस जवळची वाटावी अशी गोष्ट एवढीच कीं, १९७४ सालीं न्यूयॉर्कमध्यें जो गुडघा प्रथम बसविण्यांत आला आणि ज्याच्या वळणावर आजचे बहुतेक गुडघे घडविले जातात, त्याच्या तिघां निर्मात्यांत जॉन इन्सॉल व पीटर वॉकर यांच्याबरोबर इंदूरला शिकलेले चित्तरंजन राणावत होते. ऑक्टोबर २००० मध्यें मुंबईच्या ब्रीच कँडी इस्पितळांत त्यांनीं पंतप्रधान वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला, पुढच्या वर्षीं उजवा. ‘गुडघा बदलणें’ हा शब्दप्रयोग आपल्या मध्यमवर्गीय घरांतल्या बोलण्यांत रुळला तो बहुधा तेव्हांपासूनच.

चार्न्ले यांनीं जें एका इस्पितळापुरतें केलें तें संबंध राष्ट्रानें करावें, हा विचार स्वीडनला प्रथम सुचला. १९७५ सालीं गुडघ्यांची आणि १९७९ सालीं खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही तेथें उघडली गेली. तिची रचना कारकुनी आहे. कोणत्या रोग्यास, कोणत्या दिवशीं, कोणत्या बनावटीचा सांधा बसविला, आणि तो पुन्हां काढावा लागला तर केव्हां व कां, एवढेंच. पण याच कारकुनीमुळें कोणता सांधा टिकतो आणि कोणता नाहीं हें पांच-सात वर्षांत आंकड्यांनीं दिसूं लागतें. नॉर्वेनें १९८७ मध्यें हेंच केलें, आणि १९९० नंतर गाजावाजानें आलेल्या बोनलॉक नांवाच्या नव्या सिमेंटाचा दोष तेथील नोंदींनीं थोड्याच वर्षांत पकडला. इंग्लंड म्हणजे चार्न्ले यांचा स्वतःचा देश; त्याला हें शहाणपण २००३ सालीं आलें. २०१९ सालीं ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथील नोंदींवरून असें प्रसिद्ध झालें कीं, बदललेल्या खुब्यांपैकीं शेंकडा सुमारें ५८ पंचवीस वर्षें टिकतात. वृद्धाला हा आंकडा दिलासा देतो, चाळिशीच्या माणसाला विचारांत पाडतो. पण दोघांनाहि तो सांगतां येतो तो कोणीतरी पंचवीस वर्षें वही लिहिली म्हणून.

नव्या शतकाच्या आरंभीं पुन्हां एक नवा खुबा निघाला. गोळाहि धातूचा, वाटीहि धातूची, आणि गोळा मोठा. युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. प्लॅस्टिक झिजतें, धातु झिजत नाहीं. मोठा गोळा वाटींतून निसटत नाहीं. तरुण रोग्यांस हाच योग्य. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या शाखेचा ‘एएसआर’ नांवाचा सांधा त्यांतलाच. तो जगभर सुमारें ९३,००० लोकांस बसविला गेला. २००७ पासून ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहींत त्याच्याविषयीं धोक्याच्या खुणा दिसूं लागल्या. इंग्लंडच्या नोंदींप्रमाणें पांच वर्षांतच शेंकडा बारा-तेरा सांधे पुन्हां काढावे लागले होते. धातूवर धातु घासून कोबाल्ट व क्रोमियम यांचे सूक्ष्म कण भोंवतालच्या मांसांत आणि रक्तांत उतरत होते. टेफ्लॉनचा लगदा आणि हे कण यांत तत्त्वतः कोणताच भेद नाहीं. ऑगस्ट २०१० मध्यें कंपनीनें तो सांधा जगभरांतून मागें घेतला.

हिंदुस्थानांत हा सांधा आयात करण्याचा परवाना २००६ सालीं मिळाला होता आणि सुमारें ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें या प्रकरणाची चौकशी केंद्र सरकारच्या कितीतरी आधीं आरंभिली. केंद्रानें तज्ज्ञांची समिति नेमली ती २०१७ मध्यें. २०१८ सालीं तिचा अहवाल बाहेर आला, आणि त्यांतील एक आंकडा मला दोषी सांध्याहूनहि अधिक भयंकर वाटतो. या ४,७०० पैकीं सुमारें ३,६०० रोग्यांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. त्यांच्या शरीरांत काय आहे हें त्यांना सांगावयाचें तर तें कोणाला सांगणार? त्याच सालीं सरकारनें नुकसानभरपाईची रक्कम ठरविली—३० लाखांपासून १ कोटि २३ लाखांपर्यंत—पण ती मागण्यास मनुष्य आधीं सांपडला पाहिजे. आपल्याकडे शस्त्रवैद्यांच्या एका संस्थेनें २००६ पासून नोंदवही ठेवण्यास आरंभ केला होता. तींत लिहिणें न लिहिणें ज्याच्या त्याच्या इच्छेवर होतें. गुडघ्याच्या सांध्याची कमाल किंमत सरकारनें २०१७ च्या ऑगस्टांत ठरवून दिली, आणि तें योग्यच झालें. किंमतीविषयीं आपल्या समाजाची जागरूकता वाखाणण्यासारखी आहे.

सांधा ज्या पेटींतून येतो तिच्यांत त्याचें नांव, माप आणि तुकडीचा क्रमांक छापलेल्या लहान लहान चिकटचिठ्ठ्या असतात. शस्त्रक्रिया आटोपली कीं त्यांतल्या रोग्याच्या कागदांवर डकविल्या जातात. एक-दोन बोटें रुंदीच्या त्या चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरें आणि रेघारेघांची जाळी असते. घरच्या मंडळींस तिचा अर्थ लागत नाहीं. आजोबा काठी टाकून अंगणांत फिरूं लागले कीं इस्पितळाची पिशवी माळ्यावर जाते, आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईंत औषधांच्या बिलांबरोबर ती चिठ्ठीहि रद्दीवाल्याच्या तराजूंत पडते.